कब कॅडेट १२९ : हायड्रो ट्रॅक्टरचा वेग वाढवण्याच्या नोंदी

२ मार्च २०२४

ट्रॅक्टर : कब कॅडेट १२९. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९७१ ते १९७४ या काळात काढलेलं मॉडेल, पिवळं-पांढरं. एका सिलिंडरचं कोहलर के-३०१ इंजिन, १२ हॉर्सपॉवर, बीडाचा ब्लॉक. मागे संडस्ट्रँडचं हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन. क्लच नाही, गिअर बदलणं नाही. डॅशबोर्डवरचा दांडा पुढे ढकलला की ट्रॅक्टर पुढे, मागे ओढला की मागे, मधे ठेवला की जागेवर. मागचे टायर २३ × ८.५० - १२.

मुक्काम : कोलंबस, इंडियाना, गावाबाहेर पाच एकर. कमिन्सच्या डिझेल इंजिनांमुळे हे गाव पुणेकरांना अमेरिकेतल्या इतर कुठल्याही लहान गावापेक्षा जास्त ठाऊक आहे; किराणा दुकानात कोथरूडची माणसं भेटतात. हा ट्रॅक्टर बनला तो लुईव्हिलचा कारखाना इथून आंतरराज्य महामार्ग ६५ ने जेमतेम सव्वा तासावर होता. म्हणजे पन्नास वर्षांत गडी आपल्या गावापासून फार लांब गेलेला नाही.

तक्रार एकच. हळू चालतो. मागच्या रानातून ओंडके भरून ट्रॉली घराकडे आणायची तर अकराशे फुटांचं अंतर आहे, आणि रिकामी ट्रॉली परत नेताना शेजाऱ्याचा कुत्रा बाजूने चालत पुढे निघून जातो. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणाले, "अरे, हा ट्रॅक्टर आहे की खेळणं? आपल्या मळ्यातली बैलगाडी याच्या पुढे जाईल." सांगलीकडच्या माणसाकडून याहून मऊ शेरा मिळणार नव्हता.

काहीही खोलण्याआधी मोजमाप. गॅरेजसमोरच्या सपाट डांबरी पट्ट्यावर २०० फुटांवर दोन खुणा केल्या, लांबून पळवत आणला आणि खुणा ओलांडताना घड्याळ लावलं. दांडा पूर्ण पुढे, इंजिन पूर्ण रेसवर. २५.३ सेकंद. म्हणजे ताशी ५.४ मैल, ८.७ किलोमीटर.

मग मागची चाकं उचलून स्टँडवर घेतली. टायरवर खडूची रेघ आणि फ्लायव्हीलवर चमकणाऱ्या पट्टीचा तुकडा लावून ऑप्टिकल टॅकोमीटरने मोजलं. इंजिन मिनिटाला ३१५० फेरे, चाक ८४ फेरे. टायर जमिनीवर एका फेऱ्यात किती अंतर कापतो तेही ट्रॅक्टर ढकलून मोजलं, ७० इंच. कागदावर लिहिलेली २३ इंचांची उंची धरली तर ७२ यायला हवेत, पण वजनाखाली टायर बसतो. हिशेब नेहमी मोजलेल्या आकड्याचा करावा.

पहिलाच आकडा बोलका आहे. या कोहलरचा वरचा वेग ३६०० फेरे. इथे ३१५०. ट्रॅक्टर हळू आहे असं मी इतके महिने म्हणतोय, पण तो अजून पूर्ण धावलेलाच नाही.

३ मार्च

आज पाऊस, म्हणून हात काळे न करता कागदावरचं काम.

हायड्रो म्हणजे जादूची पेटी असल्यासारखं लोक बोलतात. आत गोष्ट साधी आहे. इंजिनला जोडलेला एक पंप, चाकांकडे जाणारी एक मोटर, दोघांमधे तेलाचं बंद वर्तुळ. पंपात छोटे पिस्टन एका फिरत्या ब्लॉकमधे गोलाकार बसवलेले असतात आणि त्यांची टोकं एका तिरक्या तबकडीवर घासत फिरतात. तबकडी सरळ असेल तर पिस्टन आत-बाहेर होत नाहीत, तेल हलत नाही, ट्रॅक्टर उभा. तबकडी जितकी तिरकी, तितका पिस्टनचा पल्ला जास्त, तितकं तेल जास्त. उलट्या बाजूला कलवली की तेल उलट वाहतं आणि ट्रॅक्टर मागे जातो. डॅशबोर्डवरचा दांडा एवढंच करतो, तबकडी कलवतो.

मोटरची तबकडी मात्र कायमची तिरकी, हलत नाही. या संडस्ट्रँडला १५ सिरीज म्हणतात. पंप पूर्ण कलला असताना एका फेऱ्यात सुमारे १५ घनसेंटिमीटर तेल ढकलतो, आणि मोटरला एक फेरा मारायला तेवढंच तेल लागतं. म्हणजे दांडा पूर्ण पुढे असताना पंपाचा एक फेरा बरोबर मोटरचा एक फेरा (गळती सोडून). ३६०० फेऱ्यांना मिनिटाला ५४ लिटर तेल या एवढ्याशा डब्यातून गरगरतंय, हे कागदावर मांडल्यावर त्याच्याबद्दलचा आदर वाढला.

तर वेग कशावर ठरतो? इंजिनचे फेरे, तबकडीचा कल, तेलाची आतली गळती, मागच्या गिअरांची कपात आणि टायरचा घेर. या पाचांखेरीज सहावी गोष्ट नाही. कोणी "अमुक तेल घाला, ट्रॅक्टर पळायला लागेल" म्हणाला तर त्याने यांतलं काय बदलतंय ते आधी सांगावं.

माझ्या ऑफिसातल्या एकाकडे व्हील हॉर्स आहे. तोही इंडियानाचाच, साउथ बेंडचा. त्याचा हायड्रो इंजिनवरून पट्ट्याने फिरतो. त्याला सोपा रस्ता आहे, इंजिनवरची पुली दहा टक्क्यांनी मोठी घातली की पंप दहा टक्के जास्त फिरतो आणि ट्रॅक्टर दहा टक्के जास्त पळतो. पट्टा नवीन मापाचा लागतो, गार्डमधे पुली मावते का ते पाहावं लागतं, आणि पंपाच्या कमाल फेऱ्यांची मर्यादा ओलांडत नाही ना हे तपासावं लागतं, बस. कब कॅडेटमधे पट्टा नाही. इंजिनपासून सरळ एक शाफ्ट मागे जाऊन थेट पंपात शिरतो. इंजिन जेवढे फेरे मारेल तेवढेच पंप मारणार. बांधणी म्हणून हे उत्तम, पट्टा घसरायची भानगडच नाही, पण वेग वाढवायला निघालेल्या माणसाला पुलीची पळवाट बंद.

इंजिनच ४००० वर का नेऊ नये? गव्हर्नरची (इंजिनचे फेरे आवरणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग ताणली की जातंय ते. पण याचा कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा आणि फ्लायव्हील बीडाचं. ट्रॅक्टर ओढायच्या शर्यतीतली मंडळी ही इंजिनं याच्या कितीतरी वर नेतात, पण ती आधी स्टीलचं फ्लायव्हील आणि वेगळा रॉड घालतात आणि भोवती जाड पत्र्याचं कवच लावतात, कारण फ्लायव्हील फुटलं तर त्याचे तुकडे कुठे जातील ते तुकडेच ठरवतात. माझे दोन्ही पाय त्या फ्लायव्हीलपासून हातभर अंतरावर असतात. ३६०० म्हणजे ३६००.

९ मार्च

गव्हर्नर.

थ्रॉटलची केबल पहिल्यांदा. केबलच्या बाहेरच्या नळीला धरणारी पट्टी ढिली होती. थ्रॉटलचा दांडा वर गेला की आतल्या तारेऐवजी सगळी नळीच सरकत होती, त्यामुळे वरचा थांबा कधी गाठलाच जात नव्हता. पट्टी आवळली. फेरे ३३०० च्या आसपास.

उरलेलं गव्हर्नरच्या हातात. कोहलरच्या या इंजिनांमधे कॅमशाफ्टवरून फिरणारा वजनांचा गव्हर्नर क्रँककेसच्या आत असतो आणि एक छोटा आडवा शाफ्ट त्याची हालचाल बाहेर आणतो. बाहेर त्या शाफ्टवर हात चिमट्याने आवळलेला. मूळ जुळणी अशी : चिमट्याचा नट ढिला करायचा, शाफ्टचं टोक पकडीने धरून घड्याळाच्या उलट दिशेने जाईल तेवढं फिरवायचं, त्याच वेळी हात कार्ब्युरेटरपासून लांब पूर्ण ओढायचा, आणि त्या स्थितीत नट आवळायचा. माझ्या ट्रॅक्टरमधे कोणीतरी कधीतरी हात अर्धवट फिरवून आवळला होता. थ्रॉटलची पाकळी पूर्ण उघडतच नव्हती.

जुळणी केली, मग वरचा थांबा टॅकोमीटर बघत बघत ३६०० वर आणला. हे कानाने करू नये. एका सिलिंडरचं इंजिन ३२०० ला आणि ३६०० ला साधारण एकाच त्राग्याने ओरडतं.

चाक स्टँडवर ९६ फेरे. पट्ट्यावर २०० फूट २२ सेकंदांत, ६.२ मैल. खर्च शून्य.

१६ मार्च

तेल.

मागच्या पेटीत ट्रान्समिशन आणि डिफरन्शियल एकच तेल वापरतात. इंटरनॅशनल हार्वेस्टरचं हाय-ट्रान, सात क्वार्ट, म्हणजे साडेसहा लिटरांच्या आसपास, आणि एक फिल्टर. खालचा बूच काढला तर दुधाळ पिवळसर रस्सा बाहेर आला. पाणी. उघड्यावर उभे राहिलेले हे जुने ट्रॅक्टर सील आणि दांड्यांच्या भोकांतून पाणी पितात, शिवाय गरम-थंड होताना आत दव धरतं. बादली रात्रभर ठेवली, तळाला गाळ किती बसतो ते पाहायला. धातूची चमक फारशी नव्हती, चुंबकाला केसाएवढी लव. पंप अजून तब्येतीने बरा असावा.

नवीन हाय-ट्रान आणि फिल्टर घातला, चाकं वर ठेवूनच दांडा हळूहळू पुढे-मागे करत आतली हवा काढली, पातळी पुन्हा भरली. आवाज कमी झाला, थंडीत सकाळी दांडा हलका झाला. वेगात फरक? टॅकोमीटर म्हणतो ९६. होता तेवढाच.

तेल बदलणं आवश्यकच होतं, पण वेग वाढवण्याच्या यादीत ते मोजू नये. घट्ट तेल घातलं की गळती कमी होऊन वेग वाढतो असं वाचलं होतं. गळती पंप झिजलेला असेल तर दिसते, आणि पंप झिजलेला असेल तर तेल हा इलाज नव्हे.

३० मार्च

आजचा दिवस खरा.

३६०० फेऱ्यांना चाकाचे ९६ म्हणजे एकूण कपात ३७.५ (इंजिनच्या इतक्या फेऱ्यांना चाकाचा एक). बरोबर पहिल्या दिवशीचीच (३१५० भागिले ८४ केलं तरी तेच येतं). म्हणजे इंजिन सुधारलं तरी मागे कुठेतरी ठरावीक भाग हरवतोय. गळती असती तर ओझ्याखाली वाढायला हवी होती. पण चाकं हवेत असताना आणि ट्रॉली ओढताना यांत फरक जेमतेम. मग संशय उरतो तो एकाच ठिकाणी. तबकडी पूर्ण कलत नाहीये.

मधल्या बोगद्यावरचा (शाफ्ट जातो तो) पत्रा काढून, इंजिन बंद ठेवून, एकाला सीटवर बसवून दांडा पुढे-मागे करायला लावला (मुलगा, वय बारा, मानधन एक पिझ्झा) आणि मी टॉर्च घेऊन खाली. दांडा डॅशबोर्डच्या खाचेच्या टोकाला पोचतो. त्याची सळई कॅम-प्लेटला ओढते. कॅम-प्लेटवरची पिन पंपाच्या बाजूने बाहेर आलेल्या आडव्या शाफ्टच्या हातातल्या खाचेत बसते आणि तो हात फिरवते. तो शाफ्ट म्हणजे तबकडीचा कणा. त्याला ट्रनियन म्हणतात.

मुलगा दांडा हलवतो, सळई हलते, प्लेट हलते, आणि ट्रनियनचा हात पहिला बराच वेळ ढिम्म. मग हलतो. दांड्याचा पल्ला संपतो तेव्हा हात अजून पुढे जायला मोकळा असतो. बोटाने ढकलला तर चांगला दोन सूत पुढे गेला आणि आतल्या थांब्याला टेकला.

सगळा वेग इथे अडकला होता. या ट्रॅक्टरांचं हे जुनंच दुखणं. ट्रनियनच्या हातातली खाच आणि तिला दाबून धरणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या पन्नास वर्षांत घासून रुंद होतात. लोकांना ते वेगळ्या लक्षणाने कळतं : ट्रॅक्टर उतारावर झटके देतो, जागेवर उभा केला तरी रांगतो, पुढून मागे घेताना मधेच धक्का बसतो. ते सगळं माझ्याकडेही होतं, फक्त मी ते वयाच्या खाती टाकलं होतं. वेगाशी त्याचा संबंध कोणी जोडून सांगत नाही, पण उघड आहे. पल्ल्याचा जेवढा भाग ढिलाईत जातो तेवढा वरच्या टोकाला कमी पडतो.

६ एप्रिल

ट्रॅक्टर दोन भागांत. सीट, फेंडर, बॅटरी निघाली. ड्राइव्हशाफ्टच्या कपलिंगची पिन सोडवायला दोन पंच वाकवले. मग पुढची फ्रेम स्टँडवर ठेवून मागचं धड चाकांसकट मागे लोटलं. जड आहे. एकट्याने करायचं काम नाही, शेजारच्या म्हाताऱ्याला बोलावलं. तो आला आणि येताना स्वतःचं मत घेऊन आला, "हा ट्रॅक्टर हळू चालावा म्हणूनच बनवलाय, मुला." खरं आहे. पण जेवढा हळू बनवला होता त्याहून हळू चालत होता, एवढंच माझं म्हणणं.

हायड्रो मागच्या पेटीपासून सुटा केला. उघडलेल्या तोंडांवर लगेच स्वच्छ चिंधी आणि टेप. आतल्या पिस्टनांना रेतीचा एक कण पुरतो.

खाच समोर आली. मूळच्या सरळ कडांच्या जागी दोन्हीकडे घासून अंडाकृती खड्डे. स्प्रिंगच्या पट्ट्या ब्लेडसारख्या पातळ झालेल्या.

८ एप्रिल

काम नाही. दुपारी तीनच्या सुमारास इथून खग्रास सूर्यग्रहण दिसलं, सगळं गाव रस्त्यावर. कोंबड्या खुराड्यात गेल्या. आईने फोनवर ग्रहणात लोखंडाला हात लावू नकोस म्हणून बजावलं होतं, तर आज सुटीच.

९ एप्रिल

पाडवा. संध्याकाळी गुढी उतरवल्यावर खाचेचं काम.

रुंद झालेली खाच वेल्डने भरून घेतली. वेल्डिंग ओळखीच्या एका फॅब्रिकेटरकडून, टिगने. माझ्या आर्क वेल्डिंगवर मी गेट सोपवतो, ट्रनियन नाही. शाफ्टच्या सीलला उष्णता लागू नये म्हणून ओला फडका गुंडाळून, थोडं थोडं करत, मधे थांबत. थंड झाल्यावर कानस. पिन घालून बघायची, अडली की दोन हात कानस मारायची, परत बघायची. पिन बोटाच्या दाबाने सरकावी पण हलू नये. कानसकामात घाई केली की परत वेल्डरकडे जावं लागतं, आणि एकदा लय सापडली की दुसरं काही नको वाटतं. गॅरेजमधे रात्री साडेदहापर्यंत होतो. श्रीखंड थंडच राहिलं.

नवीन स्प्रिंगच्या पट्ट्या मागवल्या होत्या, त्या बसवल्या. या मॉडेलांचे असे छोटे सुटे भाग अजून बनतात आणि मिळतात, हे या जुन्या कब कॅडेटांचं भाग्य. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९८१ मधे हा सगळा धंदा एमटीडीला विकला, तरी जुन्यांचे चाहते सुटले नाहीत.

२० एप्रिल

जुळवणी पूर्ण. आता न्यूट्रल लावणं. हे वेगाआधी. चाकं स्टँडवर, पुढच्या चाकांना दगड, इंजिन चालू, आणि दांडा न्यूट्रलला. चाक किंचितही फिरत असेल तर कॅम-प्लेट सुतभर सरकवून परत. दोन्ही बाजूंनी न्यूट्रलला आणून बघायचं, पुढून येताना आणि मागून येताना. ब्रेकचा पाय पूर्ण दाबला की दांडा आपोआप न्यूट्रलला परत यायला हवा, तेही तपासलं.

मग दांडा पूर्ण पुढे. खाली पडून पाहिलं, ट्रनियनचा हात आता आतल्या थांब्याच्या अगदी जवळ पोचतो. थांब्यावर आपटू दिला नाही, केसभर आधी दांड्याचाच पल्ला संपावा अशी सळईची लांबी ठेवली. उलटं केलं तर दर वेळी सगळा जोर त्या नव्या वेल्डवर येईल.

चाक ११२ फेरे. पट्ट्यावर १८.९ सेकंद, ७.२ मैल, ११.६ किलोमीटर.

कपात आता ३२ च्या जवळ. कुठलाही भाग मोठा न करता, काहीही "मॉडिफाय" न करता ट्रॅक्टर एक तृतीयांश जलद झाला. बहुतेक जुन्या हायड्रोंचं असंच असणार असा माझा अंदाज आहे. लोक टायर आणि पुल्या विकत घेत बसतात आणि वेग बोगद्याच्या पत्र्याखाली पडलेला असतो.

४ मे

तरीही टायर.

खालच्या गावातल्या जुन्या सामानाच्या जत्रेत २६ × १२.०० - १२ ची जोडी रिमसकट मिळाली, रबर चांगलं, लग (टायरवरचे उंचवटे) अर्धे. मापाने २६ भागिले २३ म्हणजे तेरा टक्के. घासाघीस करून घेतले. मला लागत नव्हते हे मान्य आहे.

बसवल्यावर एका फेऱ्याचं अंतर ७९ इंच. म्हणजे खरी वाढ तेराच्या थोडी खालीच. फेंडर आणि टायर यांच्यामधे बोट जाईल एवढीच फट, हिवाळ्यात साखळ्या लावायच्या झाल्या तर जुनीच चाकं चढवावी लागणार. ट्रॅक्टरचं बूड दीड इंच वर गेलं, नाक खाली. मी गवत कापायचं डेक कधीच काढून ठेवलंय, म्हणून चाललं. डेक वापरणाऱ्याने मात्र हा विचार आधी करावा, कारण मधल्या डेकचा कल बिघडतो आणि गवत कुठे कुठे टकलं होतं.

पट्ट्यावर १६.८ सेकंद. ८.१ मैल, १३ किलोमीटर. सुरुवातीच्या दीडपट.

५ मे

आता किंमत.

टायर तेरा टक्के मोठा म्हणजे ओढ साधारण तेवढीच कमी. भरलेली ट्रॉली घेऊन रानाच्या चढावर पूर्ण दांड्याने गेलो तर इंजिन बसायला लागलं. दांडा मागे घेतला की चढतो. हायड्रोची हीच गंमत, तबकडी सरळ करत गेलं की वेग कमी आणि जोर जास्त, न थांबता गिअर उतरवल्यासारखं. पण म्हणजे चढावर मी पूर्वीइतकाच हळू. वाढलेला वेग सगळा सपाटीला आणि रिकाम्या फेरीला.

उतार जास्त नाजूक. उतरताना भूमिका बदलतात, चाकं मोटर फिरवतात, मोटर पंपासारखी तेल ढकलते आणि पंप इंजिनला पळवायला लागतो. मागे भरलेली ट्रॉली रेटत असेल तर इंजिन गव्हर्नरच्या वर जातं, आणि तिथे गव्हर्नर काही करू शकत नाही, तो फक्त थ्रॉटल बंद करू शकतो. टॅकोमीटर लावून हळू उतरलो तरी आकडा ३७०० च्या पुढे गेला. तेव्हापासून नियम : उतारावर दांडा अर्ध्याच्या खाली, रेसही कमी. आणि दांडा एकदम न्यूट्रलला खेचायचा नाही. चाकं जागच्या जागी अडतात आणि ट्रॉली बाजूने पुढे येऊ बघते.

ब्रेक आठ मैलांसाठी मनाजोगा नाही. हायड्रो ट्रॅक्टरात रोजचं थांबणं हायड्रोच करतो, ब्रेक बिचारा उभं ठेवण्याच्या कामाचा होऊन बसतो. जुळवून घेतला, सुधारला, पण ट्रॉली जोडलेली असताना मला अजून विश्वास नाही.

१८ मे

स्टिअरिंग. पाच मैलांना जी ढिलाई गोड वाटत होती ती आठला घाबरवते. ना स्प्रिंग, ना शॉक, पुढचा ॲक्सल एका पिनवर डोलणारा, आणि खाली बिळांचं शेत. रॉस कंपनीच्या कॅम-आणि-लिव्हर पेटीत बाजूला जुळणीचा स्क्रू असतो. नट ढिला करून स्क्रू हलकेच आवळला, चाकं सरळ असताना किंचित ओढ लागेपर्यंत, पूर्ण वळवून कुठे अडत नाही ना पाहिलं. दोन टाय रॉडची टोकं बदलली. पुढच्या चाकांच्या बेअरिंगना ग्रीस. रस्ता धरून चालायला लागला.

बायको पहिल्यांदा चालवून आली. तिने घड्याळ लावलं होतं. रानापासून घरापर्यंत, सपाट वाटेने, आधीच्या सव्वादोन मिनिटांऐवजी दीड मिनिट. "म्हणजे दोन महिन्यांत पाऊण मिनिट कमावलंस," म्हणाली. फेरीला. दर फेरीला पाऊण मिनिट, असं मी दुरुस्त केलं, पण ती आत गेली होती.

१३ जुलै

उन्हाळ्याची परीक्षा. बाहेर ९१ अंश फॅरेनहाइट, म्हणजे ३३ सेल्सिअस. चाळीस मिनिटं सतत ट्रॉली ओढल्यावर लगेच पट्ट्यावर घेतलं. १७.६ सेकंद, ७.७ मैल. थंड असतानापेक्षा पाच टक्के कमी. गरम तेल पातळ होतं, पिस्टनांच्या बाजूने जास्त निसटतं. पन्नास वर्षांच्या पंपाला एवढं माफ. इन्फ्रारेड बंदुकीने पेटीचा पत्रा १६५ अंश फॅरेनहाइट दाखवत होता. पंपाच्या तोंडाशी शाफ्टवर छोटा पंखा असतो. त्याच्या पात्यांत आणि पेटीच्या फिनांत वाळलेल्या गवताचा आणि तेलाचा लगदा भरला होता, तो खरवडून काढला. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच कामानंतर १५०. पेटी स्वच्छ ठेवणं ही हायड्रोची सगळ्यात स्वस्त सेवा आहे, आणि कोणीच करत नाही.

तेलाचा रंग अजून स्वच्छ. ट्रनियनची ढिलाई तपासली, नाही. वेल्डला भेग नाही.

वेगाचं काम इथे बंद. ब्रेकचे भाग मागवलेत, ते आले की त्याच्या नोंदी वेगळ्या. शेजारचा म्हातारा काल येऊन विचारून गेला, त्याचाही कब कॅडेट असाच पळवता येईल का. पाहायला गेलो तर १२८ निघाला, याच काळातला, तेच १२ हॉर्सपॉवर, पण गिअरचा. ना पंप, ना तबकडी, ना ट्रनियन. फक्त गव्हर्नर बघून देईन म्हटलं.